खोट आणि कारण

जुना ट्रक सकाळी स्टार्ट होत नसेल, तर त्यात काय बिघडलंय हे सांगणं फार सोपं असतं. सगळंच थोडंथोडं बिघडलेलं असतं. बॅटऱ्या कमजोर झालेल्या, सेल्फचे कार्बन घासलेले, नोझल झिजलेली, टॅपेटचा गॅप वाढलेला, टाकीच्या तळाशी गाळ. डोळे मिटून इंजिनावर कुठंही बोट ठेवा, त्या जागी काही ना काही खोट निघेलच. आणि नेमकी हीच अडचण आहे. नव्या गाडीत खोट सापडली की बहुतेक वेळा कारणही सापडलेलं असतं, कारण बाकी सगळं धड असतं. वीस-पंचवीस वर्षं घासलेल्या गाडीत खोटी शेकडो असतात. त्यातली कुठली आजच्या त्रासाला जबाबदार आहे, हा वेगळा प्रश्न. तो वेगळा आहे हे विसरणं सगळ्यांच्याच सोयीचं असतं.

मला या विसरण्याबद्दल लिहायचंय. बीड जिल्ह्यात त्याची किंमत फक्त ट्रकवाल्यांनी मोजलेली नाही.

माझ्या चुलत्यांचं, म्हणजे नानांचं, गॅरेज धुळे-सोलापूर महामार्गालगत आहे, मांजरसुंब्याच्या अलीकडे. पत्र्याचं शेड, एक खड्डा, एक कॉम्प्रेसर, चहाची टपरी शेजारी. मी कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं आणि सुट्टीत इथं पाने-स्पॅनर उचलून दिले. घरच्यांना दोन्हीतलं एकच उपयोगी वाटायचं, कुठलं ते सांगायला नको. दसरा झाला की गॅरेजवर गर्दी उसळते. जिल्ह्यातली लाखो माणसं त्या सुमाराला ऊसतोडीला निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पुणे-सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यावर मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल. ती फेडायची ऊस तोडून, मोळ्या डोक्यावरून वाहून आणि ट्रक भरून. डोकी सेंटरवर ट्रक रात्री दोनला आला तरी उठून भरावा लागतो, आणि आलाच नाही तर तोडलेला ऊस फडात वाळत पडतो. वजन काट्यावर होतं, पैसे वजनावर मिळतात. म्हणजे एक जुना ट्रक सकाळी उठला नाही की त्याच्या मागे वीस-पंचवीस माणसांचा दिवस बसून राहतो. ‘स्टार्टिंग ट्रबल’ हा शब्द फार छोटा आहे त्यासाठी.

थोडं इंजिनाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेट्रोलच्या गाडीत प्लग असतो, तो ठिणगी टाकतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. रुडॉल्फ डिझेलची १८९०च्या दशकातली मूळ कल्पना हीच होती: हवा इतकी दाबायची की ती दाबानंच तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन सोडायचं. दाबलेल्या हवेचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं, डिझेल त्यात फवाऱ्यासारखं पडलं की आपोआप पेटतं. त्यामुळे डिझेलच्या गाडीला उठायला तीनच गोष्टी लागतात. इंजिन पुरेशा वेगानं फिरलं पाहिजे, हवा नीट दाबली गेली पाहिजे आणि डिझेल योग्य वेळी, योग्य दाबानं, हवेच्या बुडबुड्याशिवाय आत आलं पाहिजे. सहा सिलिंडरपैकी एखाद्यात यातलं काही चुकलं की तो सिलिंडर फुकट फिरतो. गाडी लंगडते, धाप लागल्यासारखा आवाज करते. आमच्याकडे त्याला ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणतात.

गेल्या हंगामाच्या तोंडावर एक अप्पा आले होते. ट्रक त्यांचा स्वतःचा, चालवायचेही स्वतःच. तक्रार अशी: संध्याकाळी उभी केलेली गाडी सकाळी उठत नाही. सेल्फ मारून मारून बॅटऱ्या उतरतात, मग ट्रॅक्टर बोलावून ओढून स्टार्ट करायची. उठली की दहा-पंधरा मिनिटं मिसिंग मारते, मग दिवसभर घोड्यासारखी पळते. आमच्याकडे येण्याआधी ते दोन ठिकाणी जाऊन आले होते. पहिल्या ठिकाणी सहाही नोझल बदलली होती. दुसऱ्या ठिकाणी पंप उतरवून कॅलिब्रेशन करून घेतलं होतं. बॅटऱ्या त्यांनी आपल्याच मनानं नव्या टाकल्या होत्या. खर्चाचा आकडा तीस हजारांच्या पुढे गेला होता आणि गाडी रोज सकाळी तशीच मुक्यानं उभी होती.

आता यात कुणी खोटं बोललं होतं का? मला नाही वाटत. जुनी नोझल मी पाहिली, अप्पांनी पिशवीत जपून ठेवली होती. खरंच गेलेली होती. पंपही थकलेला असणारच. ज्यांनी ते बदललं त्यांनी काढलेला पार्ट दाखवला, घातलेला पार्ट दाखवला, बिल दिलं. फसवणुकीची जी व्याख्या आपण मनात धरून चालतो, तीत हे बसत नाही. तरीही अप्पांचे तीस हजार गेले होते. नुकसान झालं आहे आणि खोटं कुणीच बोललेलं नाही, अशी ही विचित्र जागा.

नानांनी पहिला प्रश्न विचारला, “सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का?”

अप्पा गप्प. त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

या प्रश्नाचं महत्त्व मला वर्गात शिकलेल्या गोष्टीमुळे कळलं, हे मी थोडं मिरवूनच सांगतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथं आग असणार, हे नैयायिकांचं अनुमानाचं गाजलेलं उदाहरण. पण त्यातली खरी मजा उलट बाजूला आहे. धूर आहे तिथं आग असते हे ठीक, पण आग आहे तिथं धूर असतोच असं नाही. लालभडक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुरासाठी आगीसोबत ओलं सरपण लागतं. ही जास्तीची अट लपलेली असते. तिला ते उपाधी म्हणतात, आणि ती न ओळखता काढलेला निष्कर्ष फसतो. गॅरेजमध्ये हाच हिशेब चालतो. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाहीये. मग इंजिन हळू फिरतंय का, कॉम्प्रेशन गेलंय का, टायमिंग हललंय का, ते बघायचं. आणि धूर अजिबातच येत नसेल, तर डिझेल पोचतच नाहीये. अशा वेळी नोझल सोन्याची बसवली तरी काय उपयोग?

“रात्रभर गाडी इथंच उभी करा,” नाना म्हणाले. “सकाळी बघू.”

अप्पांना ते आवडलं नाही. टोळी थांबली होती. पण त्रास जर रात्रभर उभं राहिल्यावरच होत असेल, तर तो दुपारी चार वाजता बघता येत नाही. आजाराच्या वेळेला हजर राहावं लागतं. सकाळी सहाला सेल्फ मारला. इंजिन मस्त फिरत होतं, बॅटऱ्या नव्याच होत्या. धूर नाही. नानांनी फीड पंपावरचा हँड प्रायमर मारायला घेतला. सुरुवातीचे स्ट्रोक पोकळ गेले, मग हाताला जोर लागायला लागला. पुन्हा सेल्फ. गाडी उठली, पांढरा धूर सोडत, लंगडत. नानांनी कान देऊन ऐकलं. मिसिंग एका जागी बसलेलं नव्हतं, कधी या सिलिंडरला, कधी त्या. एक नोझल खराब असेल तर एकच सिलिंडर चुकतो आणि तोच चुकत राहतो. चूक फिरती असेल तर ती सगळ्यांच्या वाटेवर आहे. लाइनीत हवा होती.

आता हवा शिरते कुठून? टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपाची एक गंमत आहे. पंपाच्या पुढे डिझेल दाबानं जातं, तिथं भेग पडली तर डिझेल बाहेर गळतं, जमिनीवर डाग पडतो, आंधळ्यालाही वास येतो. पण पंपाच्या मागे डिझेल ओढलं जातं. तिथली भेग बाहेर काही गळत नाही, ती हवा आत घेते. थेंब नाही, डाग नाही. गाडी चालू असताना पंप जोरात ओढतो, थोडीशी हवा खपून जाते. रात्री बंद झाली की त्या भेगेतून हवा शिरत राहते आणि लाइनीतलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं. सकाळी पंपापाशी उरते ती हवा. म्हणजे जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथंच बघायचं होतं.

दुसऱ्या रात्री नानांनी टाकीची लाइन सोडवली आणि स्वतःच्या धड पाइपानं एका कॅनमधून फीड पंपाला डिझेल दिलं. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठली. मग टाकीकडचा रबरी पाइप काढून, एक टोक बंद करून, पंक्चरवाल्यासारखा बादलीत बुडवला आणि दुसऱ्या टोकानं हवा दिली. क्लिपच्या अगदी खाली बारीक बुडबुड्यांची रांग निघाली.

अप्पा बादलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पण नोझल तर गेलेलेच होते ना?”

“गेलेले होते की,” नाना म्हणाले. “तुमचे गुडघे बी गेलेत, अप्पा. म्हणून उद्या ताप आला तर गुडघ्यानं आला म्हणायचं का?”

हे वाक्य मी तेव्हा हसून ऐकलं. नंतर ते हसण्यासारखं राहिलं नाही, ते पुढे येईल.

नानांची पद्धत म्हणजे काही गूढ विद्या नाही. एखादी गाडी कायम एकाच सिलिंडरला चुकत असेल, तर इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट जरासा सैल करायचा. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिनचा आवाज पडतो, तो सिलिंडर आधी काम करत होता. ज्याचा सैल करूनही काही फरक पडत नाही, तो मेलेला. समजा तिसरा निघाला. मग लगेच नवं नोझल आणायचं नाही. तिसऱ्याचं नोझल पाचव्यात टाकायचं, पाचव्याचं तिसऱ्यात. मिसिंग पाचव्यात गेलं तर दोष नोझलचा. तिसऱ्यातच राहिलं तर दोष दुसरीकडे, व्हॉल्व्हमध्ये, पंपात, कॉम्प्रेशनमध्ये. खर्च तांब्याच्या दोन वायसरांचा आणि तासाभराचा. ते असताना हेही असतं का, ते काढल्यावर हेही जातं का: आपल्याकडच्या दर्शनांनी याला अन्वय-व्यतिरेक असं भारदस्त नाव दिलंय, पण हातात चौदाचा पाना असला की तेच जमतं.

२०२०च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं, नव्या ट्रकांत कॉम्प्युटर आहे, स्कॅनर लावला की कोड येतो. काही मित्र म्हणतात, आता हा सगळा शोध इतिहासजमा होणार. मला तितकी खात्री नाही. कोड सांगतो की तिसरा सिलिंडर चुकतोय. का चुकतोय, ते पुन्हा कुणीतरी बघावंच लागतं. फरक इतकाच की स्क्रीनवर नाव आल्यावर न बघण्याला जास्त अधिकृत रूप मिळतं.

मग लोक ही पद्धत का वापरत नाहीत? आळस, अज्ञान, लबाडी ही उत्तरं मला अपुरी वाटतात. पैशाची वाट पाहा. पार्ट बदलला तर दुकानदाराला कमिशन, मेस्त्रीला मजुरी, मालकाला हातात धरायला नवी वस्तू. शोधण्यात दोन रात्री गेल्या आणि निघाला हातभर रबरी पाइप. मेस्त्री जितका हुशार, तितकं त्याचं बिल लहान. चांगल्या कामाचा मोबदला असा उलटा फिरणारा धंदा नीतीवर किती दिवस चालवायचा? नानांच्या भरवशावर? शिवाय गिऱ्हाईकही यात भागीदार असतं. “अजून कळलं नाही” हे ऐकायला आपण पैसे देत नाही. ज्याच्या मागे उचलीचा तगादा आहे, त्याला तर ते परवडतच नाही. त्याला आज काहीतरी झालेलं दिसायला हवं. गरज जितकी मोठी, तितका धीर कमी, आणि जितका धीर कमी तितका चुकीच्या इलाजाचा खर्च जास्त. गरीब माणूस महाग दुरुस्ती विकत घेतो, कारण स्वस्त दुरुस्तीला लागणारा वेळ त्याच्याकडे नसतो.

आता तो गुडघ्याचा विषय.

२०१९ साली बीड जिल्ह्याचं नाव देशभर झालं ते ऊसतोड महिलांच्या गर्भाशयामुळे. बातम्या आल्या, विधिमंडळात प्रश्न आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयोगटातल्या बायकांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. वयोगट नेमका तोच नसेल, तरी एवढी मोठी तफावत नुसत्या वयानं भरून निघत नाही. यातल्या कितीतरी बायका चाळिशीच्याही आतल्या होत्या.

बाई म्हणजे गाडी नव्हे, हे मला कुणी सांगायला नको. गाडीला दुखत नाही. गाडीचा काढलेला पार्ट पिशवीत मिळतो, वाटलं तर परत बसवता येतो. मी दोघांना एका माळेत ओवत नाहीये. पण विचार करण्याची जी चूक आहे, ती मला दोन्हीकडे एकच दिसते, आणि ट्रकमध्ये ती जास्त स्वच्छ दिसते म्हणून मी ट्रकपासून सुरुवात केली.

तक्रारी काय होत्या? अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीत जास्त रक्त जाणं. तपासलं तर काहीतरी सापडणारच होतं. लवकर लग्न, लवकर बाळंतपणं, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं, कोपीत ना संडास ना न्हाणी, पाळीचं कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही. अशा शरीरात सूज असेल, संसर्ग असेल, सोनोग्राफीत एखादी गाठ दिसेल. सापडलेली गोष्ट खरीच असेल. नोझल तर गेलेलेच होते ना! वर कॅन्सरची भीती घातली की विचारायला कुणी थांबत नाही. आणि खाडा आहेच: कामावर न जाणाऱ्याच्या नावावर पडणारा दंड, तो पाचशे रुपये असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत वारंवार आलं. दर महिन्याला दोन-तीन खाडे आणि औषधाचा खर्च, यापेक्षा एकदाच काय ते काढून टाकू, असा हिशेब बाईनंही केला, नवऱ्यानंही केला. सही त्यांचीच होती.

म्हणूनच “तिनं स्वतःच संमती दिली” हे उत्तर मला अप्पांच्या बिलासारखं वाटतं. सगळं कागदावर बरोबर. पण अन्वय-व्यतिरेकाची कसोटी इथं लावून बघा. गर्भाशय काढलं, पाणी, आडोसा, विश्रांती यांच्यात काही बदल नाही. त्रास गेला का? ज्या बायकांनी पुढे पत्रकारांशी आणि कार्यकर्त्यांशी बोलायचं धाडस केलं, त्यातल्या अनेकींनी कंबरदुखी, सांधेदुखी, धाप, घाबरं होणं हे मागे लागल्याचं सांगितलं. त्या पुढच्या हंगामात पुन्हा उसात गेल्या, तशाच कोपीत. पाइपाची भेग जिथल्या तिथं होती. ती बाहेर गळत नव्हती, म्हणून कुणी तिकडे बघितलं नव्हतं.

इथं एक प्रामाणिक आक्षेप आहे, आणि तो नुसता बाजूला सारता येत नाही. डॉक्टर असो वा मेस्त्री, त्याच्यासमोर आलेला माणूस आत्ता त्रासात आहे. फडातला संडास डॉक्टरच्या हातात नाही. ट्रकमालकाची उचल नानांच्या हातात नाही. कारण आवाक्याबाहेर असेल तर निदान खोट तरी दूर करावी, यात गैर काय? अनेकदा काहीच गैर नसतं. ज्या बाईला खरोखर मोठी गाठ आहे, थांबत नाही असा रक्तस्राव आहे, तिला शस्त्रक्रिया मिळालीच पाहिजे, आणि कारण शोधत बसण्याच्या नावाखाली तिला ताटकळत ठेवणं हाही अन्यायच. नानाही घाटात अडकलेल्या गाडीला तत्त्वज्ञान ऐकवत नाहीत, हवा काढून, तार बांधून आधी तिला खाली आणतात. पण खाली आणल्यावर ते म्हणतात, “ही दुरुस्ती न्हाई, ही नुसती सोय हाये.” माझ्या मते सगळा नैतिक प्रश्न या एका वाक्यात अडकलेला आहे. सोय करून देणं गुन्हा नाही. सोयीला निदानाचं नाव देऊन विकणं, आणि जे कधीच परत बसवता येणार नाही ते सोयीसाठी काढून घेणं, याला मात्र दुसरा शब्द शोधावा लागेल.

त्या गदारोळानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. ते चांगलंच झालं, निदान दुसरा डोळा आला. पण परवानगीच्या फॉर्मवर प्रश्न बाईच्या शरीराबद्दल असतात. ती कुठं राहते, पाणी किती लांबून आणते, महिन्यात किती दिवस बसू शकते, हे तपासायला कुठल्या सेंटरवर कोण जाणार? आजाराच्या वेळेला, आजाराच्या जागी, पहाटे सहाला? ते काम शल्यचिकित्सकाचं नाही, कारखान्याला वाटतं ते मुकादमाचं आहे, मुकादमाला वाटतं ते सरकारचं आहे. टाकी एकाची, पंप दुसऱ्याचा, मधला पाइप कुणाचाच नाही.

अप्पांचं बिल नानांनी असं केलं: रबरी पाइप, दोन क्लिप, तांब्याचे वायसर, डिझेल फिल्टर, मजुरी २०० रुपये. अप्पांनी पन्नास कमी करायला लावले. पंपवाल्याकडे घासाघीस केली होती का, असं मी विचारलं, तर म्हणाले, “तिथं मशीनवर लावून दावलं होतं, तिथं काय बोलणार?”

आमच्या बिलबुकात दोनच रकाने होते, माल आणि मजुरी. यंदा नवं बिलबुक छापून आणताना मी त्यात तिसरा रकाना टाकला, ‘शोध’. नाना म्हणाले, येडा हायेस. दिवाळीपासून आतापर्यंत त्या रकान्यात एकदाच आकडा पडलाय, शंभर रुपये, एका टेम्पोच्या सैल अर्थिंगसाठी. टेम्पोवाल्यानं बिल उलटसुलट करून पाहिलं, पैसे दिले आणि विचारलं, या शंभराचं नेमकं काय बसवलंत?